स्पॅनिश भाषेंतील तपकिरी रंग

परभाषेंतील प्रत्येक शब्दास एकच प्रतिशब्द घोकला कीं भाषा आली, हा समज आम्हांस घातक वाटतो. स्पॅनिश भाषेंतील तपकिरी रंगच पहा. तपकिरी बूट स्पेनमध्यें 'मार्रोन', तर मेक्सिकोंत 'काफे', म्हणजे कॉफीच्या रंगाचे. (आपला शब्दही नाकांत ओढावयाच्या तपकिरीवरूनच आला ना!) केस मात्र 'कास्तान्यो', हें नांव चेस्टनटवरून पडलें. अस्वल 'पार्दो'. मनुष्याच्या सांवळ्या कांतीस 'मोरेनो' म्हणावें. तेथें 'मार्रोन' म्हटल्यास त्या मनुष्याची रंग दिलेली वस्तु होते. आपणही चुन्यास पांढरा म्हणतों, परंतु मुलीस गोरी. म्हणून विद्यार्थ्यांनीं रंगाचा शब्द वहींत एकटा न लिहितां नामासह लिहावा. आणि पालकांनीं पाठ घेतांना 'तपकिरीस काय म्हणतात?' असें विचारण्यापूर्वीं वस्तूचें नांव सांगावें.