विश्रांतीचा हिशेब

शरीराला इजा झाली की विश्रांती घ्यावी, हा सल्ला आपल्याकडे वैद्य, डॉक्टर आणि शेजारी असे तिघेही एकमुखाने देतात. मोडलेले हाड सांधेपर्यंत तो योग्यच आहे. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. हाड सांधते, सूज ओसरते, कंबरेवरचा पट्टा मात्र कायम राहतो. वाकलो तर पुन्हा चमक भरेल या भीतीने माणूस वाकणे सोडतो; न वाकल्याने स्नायू दुबळे व ताठर होतात; मग वाकताना खरोखरच दुखते आणि भीतीला पुरावा मिळतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दारिद्र्याचे दुष्टचक्र शिकवितो, त्याच जातीचे हे चक्र आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत कंबरेचा प्रश्न हा थेट पोटाचा प्रश्न होय. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने तोडून पुडे बांधणे, पावसाळ्यात धानाची रोवणी, ही सारी कामे वाकून करावयाची. येथील स्त्री दुखणे अंगावर काढून रोवणीला जाते, तेव्हा तिला असले भय ठाऊकच नाही, असे कौतुक शहरी लेखनात अधूनमधून आढळते. ते अज्ञानमूलक आहे. गरज म्हणजे उपचार नव्हे. पंधरा दिवस पडून राहिलेली बाई सोळाव्या दिवशी सकाळपासून सायंकाळपर्यंत चिखलात वाकली, तर वेदना बळावणारच, आणि पुढील हंगामात भयही वाढणार. तिला हवी असते ती आज अर्धा तास, आठवड्याने दोन तास, अशी चढती सवय. तेंदूची मजुरी पुड्यांवर मिळत असल्याने तेथे हे निदान तत्त्वतः शक्य आहे. रोवणीच्या रोजात ते बसत नाही. टोळीत मागे पडणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही.

शिक्षक व कारकून यांची स्थिती नेमकी उलट. त्यांना वैद्यकीय रजा आहे आणि रजेच्या अखेरीस ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ असा दाखला आहे. योग्य आणि अयोग्य यांच्यामधली अवस्था या कागदात मावत नाही. परिणामी माणूस पूर्ण बरा होण्याची वाट पाहत घरी राहतो, आणि जितका राहतो तितका कमी बरा होतो.

हे केवळ तर्काने म्हणावयाचे नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवरील अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले, काहींना व्यायाम दिले, तर काहींना जमेल तशी नित्याची कामे चालू ठेवण्यास सांगितले. लवकर सावरले ते हे तिसरे. सर्वांत मागे राहिले ते अंथरुणावरचे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1997 पासून दूरचित्रवाणीवरून हाच संदेश दिला, तेव्हा पाठदुखीपोटी होणारे भरपाईचे दावे घटले. अर्थात पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप असणे किंवा हाड मोडल्याची शंका, अशा वेळी प्रथम डॉक्टर गाठला पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

वरोऱ्याचे बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच शक्य होते. तरीही डिसेंबर 1985 मध्ये, सत्तरीच्या घरात, ते ‘भारत जोडो’ घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले: तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. या प्रसंगातून लोक त्यांचे धैर्य तेवढे घेतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती गाडीतली निजण्याची सोय. त्यांनी वेदना नाकारली नाही, तिच्या मापाने काम बेतले. सामान्य मजुराला ही मुभा कोण देणार?

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावांतील पाठ-कंबरदुखीचा अभ्यास केला. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांचे साह्य शोधग्रामच्या रुग्णालयाला लाभले. परंतु एका संस्थेने दोन जिल्हे कसे पुरावेत? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, गोळी आणि पट्टा देऊन न थांबता हालचाल शिकविणारा एक प्रशिक्षित माणूस हवा. त्याचे काम रोवणी सुरू होण्यापूर्वी, जूनमध्येच, गावात जाऊन व्हावे. आणि सरकारी दाखल्याच्या नमुन्यात ‘अंशतः योग्य, इतके तास’ असा एक रकाना वाढवावा. त्याला छपाईखेरीज खर्च नाही.