विश्लेषण : कारखाना बंद, मालक बेपत्ता, जमीन साफ करण्याचा खर्च जुन्या विम्यातून निघेल?

जमिनीत मुरलेले विषारी रसायन काढण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्यानेच द्यावा, असे केंद्राचे 2025 चे नियम सांगतात. पण कारखान्याला टाळे लागून वीस-तीस वर्षे झाली असतील, तर वसुली कोणाकडून करायची? अमेरिकेने याचे एक उत्तर जुन्या विमा पॉलिसींत शोधले. आपल्याकडेही हा मार्ग वापरून पाहायला हवा. मात्र त्यासाठी जुने कागद आधी जपावे लागतील.

नवे नियम काय सांगतात?

दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने जुलै 2025 मध्ये लागू केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायची. मंडळाने तपासणी करून जबाबदार कोण ते ठरवायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. जबाबदार व्यक्ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली, तर भार केंद्र व राज्य सरकारवर, म्हणजे करदात्यावर. नियम आले तेव्हा देशात अशी 103 स्थळे नोंदली गेली होती. साफसफाई सुरू होती ती फक्त सात ठिकाणी.

हा भार किती काळ राहतो, हे भोपाळने दाखवले. युनियन कार्बाइडचा कारखाना 1984 च्या वायुगळतीनंतर बंद झाला. तिथला 337 टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळण्याचे काम जून 2025 अखेर संपले. म्हणजे चाळीस वर्षे गेली आणि पैसा सरकारी तिजोरीतून गेला.

जुनी पॉलिसी आज कशी लागू होईल?

पिंपळगाव राजाच्या शेतकऱ्याला हे पीक विम्यावरून लगेच कळेल. गेल्या खरिपात झालेल्या नुकसानीला यंदाची पॉलिसी चालत नाही. त्या हंगामाची पावतीच दाखवावी लागते. कारखान्यांच्या काही जुन्या पॉलिसींचे तत्त्व असेच होते. दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याला पब्लिक लायबिलिटी म्हणतात. त्यातली ‘घटना-आधारित’ पॉलिसी नुकसान कोणत्या वर्षी झाले ते पाहते. दावा कधी केला हे दुय्यम. 1970 मध्ये रसायन विहिरीत उतरले आणि ते आज उघड झाले, तरी 1970 ची पॉलिसी जबाबदार ठरू शकते.

अमेरिकेत काय घडले?

तिथे 1980 मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. प्रदूषण जुने असले, तरी साफसफाईचा खर्च कंपन्यांवर टाकण्यात आला. कंपन्यांनी मग तळघरांतल्या फायली उपसल्या. जुन्या पॉलिसी शोधून देण्याचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला.

कापूसपट्ट्याला परिचित असलेल्या डीडीटीचे उदाहरण यात महत्त्वाचे आहे. लॉस एंजेलिसजवळ मॉन्ट्रोज केमिकल ही कंपनी 1947 पासून 1982 पर्यंत डीडीटी बनवत होती. सांडपाण्यातून ते समुद्रतळापर्यंत पोहोचले. 1990 मध्ये सरकारने कंपनीवर खटला भरला आणि कंपनीने विमा कंपन्यांकडे बोट दाखवले. नुकसान अनेक वर्षे सुरू राहिले असेल, तर त्या काळातल्या सर्व पॉलिसी लागू होऊ शकतात, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला.

विमा कंपन्यांनीही धडा घेतला. 1973 पासून फक्त ‘अचानक व अपघाताने’ झालेल्या प्रदूषणालाच संरक्षण देणारी अट सर्रास आली. 1986 च्या सुमारास प्रदूषण जवळपास पूर्णच वगळले गेले. त्यामुळे त्याआधीच्या पॉलिसींना मोल आले.

भारतात अडते कुठे?

पहिली अडचण पॉलिसीच्या प्रकाराची. आपल्याकडच्या औद्योगिक लायबिलिटी पॉलिसी आता प्रामुख्याने ‘दावा-आधारित’ असतात. मुदतीत दावा आला तरच पैसे. दुसरी अडचण कायद्याची. भोपाळनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने धोकादायक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. पण तो पीडितांना तातडीची मदत देण्यासाठी आहे, जमीन साफ करण्यासाठी नाही. त्यासाठीचा अर्जही घटनेपासून पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. पर्यावरण मदत निधीतून पर्यावरणाच्या पुनर्स्थापनेसाठी पैसा देण्याची सोय 2023 च्या जनविश्वास कायद्याने केली, एवढाच दिलासा.

तिसरी अडचण कागदांची, आणि ती आपण दूर करू शकतो. 1973 मध्ये सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. 107 विमा कंपन्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत विलीन झाल्या. जुन्या पॉलिसीवरचे नाव आज कुठेच दिसत नसले, तरी ते काम या चौघींपैकी कोणाकडे गेले ते शोधता येते. मात्र हातात पॉलिसी, निदान हप्त्याची नोंद हवी.

विमा कंपन्यांचा आक्षेप असा, की जो धोका मोजलाच नाही, त्याचे पैसे आता का द्यायचे? पॉलिसीत प्रदूषण स्पष्टपणे वगळले असेल तर हा आक्षेप रास्त आहे. वगळले नसेल, तर हप्ता घेतलेला आहे आणि जोखीमही घेतलेली आहे.

मग करायचे काय?

प्रदूषण मंडळाने जबाबदार व्यक्तीला नोटीस देताना तिच्या सर्व जुन्या लायबिलिटी पॉलिसींचा तपशीलही मागावा. पॉलिसी हरवली असेल, तर ताळेबंदातली हप्त्याची नोंद, बँकेच्या कर्जाची फाइल आणि विमा एजंटची कागदपत्रे तपासावीत. कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर विम्याचे कागद लिक्विडेटरने रद्दीत जाऊ देऊ नयेत. विमा नियामकाने अशा पॉलिसींची नोंद कायम जपण्याची सक्ती करावी. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

गावाचे कामही मोठे आहे. पिंपळगाव राजा असो वा खामगाव तालुक्यातले दुसरे गाव, एखाद्या बंद कारखान्याच्या जागेबद्दल संशय असेल, तर जिल्हा प्रशासनाकडे तक्रार करता येते. तक्रारीत ‘पाणी खराब आहे’ एवढेच लिहून भागणार नाही. कारखाना कोणत्या वर्षी सुरू झाला, काय बनवत होता, सांडपाणी कुठे सोडत होता, विहिरीला वास कधीपासून यायला लागला, हे सारे सालासकट लिहावे. नुकसान कोणत्या वर्षांतले, हे सिद्ध झाले तरच त्या वर्षांची पॉलिसी शोधता येते. गावातल्या जाणत्या माणसांना ही सालवारी आजही तोंडपाठ असते. ती माणसे आहेत तोवर ती कागदावर उतरवून घ्यायला हवी. नाहीतर कारखान्याचा नफा मालकाचा, हप्ता विमा कंपनीचा आणि साफसफाईचे बिल मात्र गावाचे, हाच हिशेब पुढेही चालू राहील.