घासाघीस

“त्यापेक्षा चेन बसवून टाका की!” हा सल्ला ज्याने मला दिलेला नाही, असा इसम आमच्या पेठेत आता उरलेला नाही. दूधवाला देतो, वाचनालयातले ग्रंथपाल देतात, आणि ज्यांच्या हातात उभ्या जन्मात पान आलं पण पाना कधी आला नाही, असे आमचे शेजारीही देतात.

विषय माझ्या सायकलीचा आहे. तिच्या मागच्या चाकावर, गवत कापायच्या यंत्राला असतं तसलं २५ सीसीचं एक चिमुकलं इंजिन बसवलेलं आहे. इंजिनाच्या दांड्यावर ३२ मिलिमीटर व्यासाचा एक लोखंडी रूळ. तो टायरवर टेकतो आणि घासून चाक फिरवतो. संपलं! चेन नाही, पट्टा नाही, गिअर नाही. इंजिनियर मंडळी याला ‘फ्रिक्शन ड्राइव्ह’ म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांनी सायकलीचा जुना डायनॅमो आठवावा. तिथे टायर त्या बाटलीचं डोकं फिरवायचा. इथे डोकं टायरला फिरवतं. आजीच्या शिवणयंत्रावर बॉबिन भरणारी ती रबरी कडीची चकतीही चाकाला अशीच टेकून फिरायची. पुष्कळशा रेकॉर्ड-प्लेअरची तबकडीसुद्धा आतून एक रबरी चाकच घासून फिरवायचं. त्यावर भीमसेन ऐकताना “त्यापेक्षा चेन बसवा” असं कुणी म्हटल्याचं मला स्मरत नाही.

आता आरोप. पहिला, पावसात रूळ घसरतो. घसरतो! ओल्या शहाबादी फरशीवर आपणही घसरतो. म्हणून कुणी पाय काढून तिथे चेन बसवत नाही. खरी गोष्ट अशी की पुष्कळदा बिचाऱ्या पावसाचा दोष थोडाच असतो, रूळच झिजून तुळतुळीत झालेला असतो. तो लेथवर नेऊन त्याच्यावर पुन्हा बारीक खरबरीत नक्षी पाडून घ्यावी. किंवा इपॉक्सीत कुरुंदाची भुकटी कालवून पातळ लेप द्यावा. भुकटी बारीक हवी. आमच्या एका सुधारक मित्राने हौसेने जाड वापरली आणि रुळाची किसणी झाली; आठवड्यात त्यांच्या टायरचा खोबऱ्याचा कीस पडला.

दुसरा आरोप हाच, की रूळ टायर खातो. पण वाढतो कोण? अर्धी हवा भरलेला टायर रुळाखाली कणकेसारखा तिंबला जातो, तापतो आणि झिजतो. हवा टणक भरा, निम्मं भांडण मिटेल. शिवाय आजकालच्या तरुणांना डोंगरी सायकलीचे जाड गोट्यागोट्यांचे टायर लागतात. त्यावर रूळ म्हणजे खडीच्या रस्त्यावरचा टांगा. टायर साधा, मधोमध सलग हवा. आणि चाकात ‘आऊट’ असता कामा नये. चाक उंचवट्याला रुळाला दाबतं, खोलगटाला सोडतं, आणि आपण म्हणतो इंजिन गचके देतं! इंजिन बिचारं सरळ आहे. तारा ओढून घ्यायला आपल्याला सवड नाही. आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला हे काम पाच मिनिटांत करतो. त्याच्या पाटीवर अजून ‘ओव्हरऑईल करून मिळेल’ असं लिहिलेलं आहे आणि ती पाटी कुणी सुधारू नये असं माझं मत आहे.

मी सुधारणेच्या विरुद्ध आहे असं कृपा करून समजू नका. सुधारणा जरूर करावी, पण जागा बघून. रूळ घसरतो म्हणून स्प्रिंग ताणत सुटणं हा अडाणीपणा. त्याने सपाटीवरही चाक जखडतं. त्यापेक्षा इंजिन ज्या पट्टीवर लटकतं तिची बिजागरी रुळाच्या पुढे, आणि रूळ टायरला टेकतो तिथल्या स्पर्शरेषेच्या किंचित खाली घ्यावी. मग टायर रुळाला मागे ढकलू लागला की पट्टी त्याला आपोआप टायरात ओढते. चढावर पकड घट्ट, उतारावर सैल. किंचित मात्र हं. फार खाली घेतलीत तर रूळ टायरात रुतून बसेल. दुसरी सुधारणा बेअरिंगची. रूळ एकाच बाजूने धरलेला असला तर टायरचा सगळा दाब बिचाऱ्या इंजिनाच्या दांड्यावर. दुसऱ्या टोकालाही एक बेअरिंग द्यावं. एका कावडीला दोन टोकं असतात हे आपल्याला ज्ञानेश्वरांच्या आधीपासून ठाऊक आहे.

आणि या रुळाची खरी गंमत या चेनवाल्यांना ठाऊकच नसते. रुळाच्या सायकलीत चाक केवढं, याला काही अर्थ नाही! लहान पोराची सायकल असो की आजोबांची, रुळाचा परीघ जितका सरकेल तितकाच रस्ता सरकणार. ३२ मिलिमीटरचा रूळ मिनिटाला ५००० फेऱ्यांनी फिरला तर ताशी ३० किलोमीटर. २५ मिलिमीटरचा घेतला तर साडेतेवीस. म्हणजे माझा गिअरबॉक्स टर्नरकडे लोखंडी सळईत पडलेला असतो. सेनापती बापट रस्त्याचा चढ ज्याच्या वाटेत आहे त्याने लहान रूळ घ्यावा, इंजिन धापा टाकत नाही. आमचे मित्र म्हणतात, ४० मिलिमीटरचा घाला, ताशी अडतीसने जाल. अहो, अडतीसने जाऊन करू काय? मंडईत कोथिंबीर पळून चाललेली नसते.

तिसरा आरोप ‘जुनाट’पणाचा. फ्रान्समध्ये ‘वेलोसोलेक्स’ नावाची असली सायकल 1946 ते 1988 अशी बेचाळीस वर्षं निघाली. इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर, रूळ कार्बोरंडमचा, म्हणजे आपण सुरीला ज्यावर धार लावतो त्याच जातीचा. सत्तर लाखांवर खपली. झाक तातीच्या 1958 सालच्या ‘मों ऑन्क्ल’ चित्रपटात बहिणीच्या आधुनिक बंगल्यातली बटणांची यंत्रं फजिती करीत असतात आणि हुलोसाहेब मात्र सोलेक्सवरून येत-जात असतात. इथे विरोधक होंडांचं नाव काढतात. सोइचिरो होंडांनी 1946 साली लष्कराच्या वायरलेसची उरलीसुरली इंजिनं सायकलींना लावली, आधी पुढच्या चाकावर रूळ बसवून पाहिला, टायर झिजतो म्हणून तो सोडला आणि पट्टा घेतला. खरं आहे. शेकायच्या पाण्याच्या बाटलीची पेट्रोलची टाकी करणारा तो माणूस, मी त्यांना नमस्कारच करतो. पण त्यांना गिऱ्हाइकं सांभाळायची होती. मला गुडघे सांभाळायचे आहेत.

हो, भांडण त्याचंच आहे. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, चढ सोडा. पुण्यात राहून चढ सोडायचा तर घराबाहेर पडणंच सोडावं लागेल. म्हणून चढाला रूळ टेकवतो. सपाटी आली की खटका ओढतो, रूळ वर उचलला जातो आणि खाली उरते ती चक्क सायकल. हलकी, आपली, पायांची. मोटार वाहन कायदा, 1988 नेही चारांहून कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेलं हे वाहन ‘मोटार वाहना’तून वगळलेलं आहे. चेन, मोठं इंजिन, गिअर असं करत गेलं की शेवटी तयार होते एक वाईट मोपेड, आणि सायकल कुठे गेली ते कुणी सांगत नाही.

आमच्या भाच्याकडे विजेची झकास सायकल आहे. मोटार चाकाच्या पोटात, मेंदू एका काळ्या डबीत. ती चार महिने गॅलरीत उभी आहे. कंपनीकडून उत्तर आलं, डबी उघडत नाहीत, अख्खी बदलावी लागेल, आणि ती सध्या येत नाही. भाचा त्या सायकलीवर टॉवेल वाळत घालतो आणि मला म्हणतो, “मामा, तुमचं तंत्रज्ञान फार मागासलेलं आहे.” असेल बाबा. माझ्या रुळाला काय झालंय ते मला दिसतं, हाताला लागतं, आणि टर्नरला एका वाक्यात सांगता येतं. त्यालाही ते एका चहात कळतं.

तरीही ज्यांना सल्ला द्यायचाच असेल त्यांनी रविवारी सकाळी खुशाल यावं. येताना सायकलचा पंप तेवढा घेऊन या. आमच्याचा वॉशर गेला आहे.