साडेतीन चॅनलचं हेलिकॉप्टर

तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी एखादा मंत्री नायगावला हेलिकॉप्टरनं आला, की आमच्या खंडाळा तालुक्यातली पोरं भाषणाला थांबत नाहीत, हेलिपॅडच्या बांबूंना जाऊन लोंबकळतात. टँकरनं कितीही पाणी मारलेलं असू दे, पंखा फिरला की सगळ्यांच्या डोळ्यांत माती जातेच. पण हलत कुणी नाही. मग घरोघरी रिमोटच्या हेलिकॉप्टरची मागणी सुरू होते. यंदा ती माझ्या भाच्यानं केली. शिरवळहून बहिणीचा फोन: ‘‘दादा, तुला त्यातलं कळतं, तूच सांग कुठलं घ्यायचं. फार महाग नको आणि दुसऱ्या दिवशी मोडायला नको.’’

पहिली अट पाळता येईल. दुसरी आजवर कुणाला पाळता आलेली नाही.

ड्रोन घे म्हटलं तर भाचा नाक मुरडतो. त्याचं चुकतंय असंही नाही. ड्रोनला चार मोटरी असतात, त्यांचा ताळमेळ आतला संगणक ठेवतो. तुम्ही रिमोटची दांडी सोडली तरी बरेचसे ड्रोन हवेत थांबून राहतात. हेलिकॉप्टर थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं. वरचा पंखा एका दिशेला फिरला की खालचं धड उलट दिशेला फिरू बघतं. ते आवरायला शेपटीवर छोटा पंखा. वरचा जोर वाढवला की शेपटीचा हिशेब बदलतो, शेपटी सावरेपर्यंत नाक खाली जातं. १९७० च्या सुमाराला जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर लोकांना बांधता येईल असं केलं, तेव्हा हा सगळा हिशेब उडवणाऱ्याच्या दोन अंगठ्यांना करावा लागायचा. आता त्यातला निम्म्याहून अधिक भार जायरो, म्हणजे आतला तोल सांभाळणारा सेन्सर उचलतो. म्हणून नवशिक्यानं खोक्यावर पहिल्यांदा जायरो आहे का ते बघावं, रंग नंतर.

दुसरी गोष्ट चॅनल, म्हणजे रिमोटवरून किती हालचाली सांभाळता येतात ते. जत्रेत मिळतं ते बहुधा दोन चॅनलचं: वरखाली होणार आणि गरागरा वळणार. पुढं कुठं जायचं ते त्याचं तेच ठरवतं आणि बहुतेक वेळा देव्हाऱ्याकडं जातं. तीन चॅनलला पुढंमागं जाता येतं. मग येतं साडेतीन. मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन, इथवर आपली तक्रार नाही. पण हेलिकॉप्टरचा अर्धा चॅनल म्हणजे काय, हे दुकानदाराला विचारून बघा. पुष्कळदा ते नाकावरचा दिवा लावायचं बटण असतं.

घरात शिकायचं तर एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे असलेलं घ्यावं. दोन्ही पंखे उलटसुलट फिरतात, एकाचा पीळ दुसरा मारतो, त्यामुळं धड जागेवर राहतं. सायमाचं एस-१०७ हे यातलं जगभर गाजलेलं नाव. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, सांगाडा धातूचा, भिंतीवर आपटलं तर भिंतीला काही होत नाही आणि बऱ्याचदा त्यालाही नाही. एकच खोड: त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो. अंगणात उन्हात नेलंत की त्याला तुमचं ऐकू येत नाही, आणि खंडाळ्यात ऊन नाही असे महिने मोजकेच. शिवाय इतक्या हलक्या जिवाला वारा सोसत नाही. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला दुपारनंतर जे वारं सुटतं, त्यात दोरीवरची चादर टिकत नाही.

भाचा नववीत आहे, हात स्थिर आहे, म्हणून मी त्याच्या पुढची पायरी सुचवली: एकच मोठा पंखा, शेपटीला खराखुरा छोटा पंखा, चार चॅनल, २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ आणि सिक्स-ॲक्सिस जायरो. याला फिक्स्ड पिच म्हणतात. पात्यांचा कोन ठरलेला. वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. चौथ्या चॅनलनं ते कुशीवर सरकतं, आणि खरं हेलिकॉप्टर उडवल्याचं वाटायला लागतं ते तिथंच. हल्ली यातल्या काहींना हवेच्या दाबावरून उंची धरून ठेवायची सोय असते. जुने खेळाडू तिला हसतात, म्हणतात, त्यानं हात बसत नाही. मला ती सोय आवडते. आधी पोराचा आत्मविश्वास बसू दे, हात बसेल सावकाश.

त्याच्या वरच्या पायरीबद्दल मात्र मी बहिणीला फोनवर स्पष्ट नाही म्हणालो. कलेक्टिव्ह पिचमध्ये पात्यांचा कोन उडता उडता बदलतो, हेलिकॉप्टर उलटं टांगल्यासारखं उडतं, व्हिडिओत फार देखणं दिसतं. साडेचारशेच्या वर्गातल्या मॉडेलचा पंखा साधारण सत्तर सेंटिमीटरचा. तो मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढं धावत असतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकोणीस वर्षांचा सराईत मुलगा स्वतःच्याच मॉडेलचं पातं लागून गेला. आपल्याकडं यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट २०२१ मध्ये एका तरुण कारागिरानं स्वतः बांधलेल्या, माणूस बसेल अशा हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं डोक्याला लागून जीव गमावला. ते खेळणं नव्हतं. पण पातं खेळण्याचं की खऱ्याचं, हे हाडाला कळत नाही.

आता मोडण्याचं. हेलिकॉप्टर घ्यायच्या आधी त्याचे सुटे भाग मिळतात का ते बघावं. पाती, मधली दांडी, शेपटीची मोटर, उतरायचे पाय, या चार वस्तू स्वतंत्र विकत मिळत नसतील तर हेलिकॉप्टर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. दांडी केसाएवढी वाकली तरी उडताना सगळं धड थरथरतं आणि पोराला वाटतं, जायरो बिघडला. दांडी काढून काचेवर लोळवायची. लोळताना टोक वरखाली होत असेल तर ती गेली. सुटे भाग इंटरनेटवरूनच मागवावे लागतात, आणि मागवताना पत्त्यात ‘पारगाव-खंडाळा, जिल्हा सातारा’ असं सविस्तर लिहावं. नुसतं खंडाळा लिहिलं की पार्सल लोणावळ्याच्या बाजूला थंड हवा खाऊन येतं.

बॅटऱ्या तीन घ्याव्यात. एक सहा-आठ मिनिटं पुरते आणि चार्ज व्हायला पाऊण-एक तास लागतो. एकाच बॅटरीवर ज्यांचं शिक्षण चाललंय, त्या पोरांचा बहुतेक वेळ चार्जरकडं बघण्यात जातो. उडवून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. गादीवर नाही, फरशीवर ठेवायची, आणि रात्रभर तर मुळीच नाही. फुगलेली दिसली की मोह सोडायचा.

उडवतानाची एक गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत. नवखा माणूस भीतीपोटी जमिनीलगत उडवतो, वीतभर उंचीवर, की पडलं तरी बेताचं. पण तिथंच ते सर्वांत जास्त बावचळतं. पंख्यानं खाली लोटलेली हवा फरशीवर आपटून त्याच्याच पोटाखाली घोळ घालते. छाती घट्ट करून ते कमरेइतकं वर न्यावं, तिथं ते शहाण्यासारखं वागतं. आणि सुरुवातीला शेपटी कायम आपल्याकडं ठेवावी. नाक आपल्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं, मग भलेभले गांगरतात. तशी वेळ आलीच तर ज्या बाजूला ते कलतंय त्याच बाजूला रिमोटची दांडी न्यावी, खाली हात दिल्यासारखी. आपोआप सरळ होतं.

कायद्याचं भाच्याच्या वडिलांनी विचारलं, म्हणून सांगतो: ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो गटात येतं, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. आपलं हेलिकॉप्टर त्याच्या निम्म्याच्याही आत आहे. हायवेच्या बाजूला मात्र उडवू नये, नियम असो वा नसो.

उरला जागेचा प्रश्न. शाळेच्या मैदानावर सकाळी ऊन चढायच्या आत जमेल, पण भाच्याचा वाढदिवस श्रावणात, म्हणजे बाहेर पाऊस. त्यावर उपाय माझ्या डोक्यात आहे. चातुर्मासात आपल्याकडची मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. उंच छत, सपाट फरशी, वारा नाही, फोडायला झुंबरही नाही. आमच्या इथल्या एका कार्यालयाच्या मॅनेजरशी बोललोय. तो म्हणाला, झाडून घ्यायचे पैसे द्या आणि रविवारी दुपारी या. पंखे बंद ठेवायला त्याला आदल्या दिवशी पुन्हा सांगावं लागेल. पाहुणे आले की पंखे लावायचे, ही त्याच्या हाताची सवय आहे.