पोटनिवडणूक : एका राजीनाम्याला सोलापूरने दिलेली दोन उत्तरे

१/ पोटनिवडणुकीला इतिहासाच्या पुस्तकात सहसा तळटीपेचीच जागा मिळते. हे योग्य नाही. रिकामी जागा कोण, किती दिवसांत भरतो, यावर प्रतिनिधित्वाचा हक्क खरा की कागदी, हे ठरते.

२/ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील पदावर असताना निधन पावलेले पहिले सदस्य म्हणजे व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड. निधन १ जून १७९०. पोटनिवडणुकीतून आलेले विल्यम ब्रँच जाइल्स ७ डिसेंबरला सभागृहात बसले. घोडागाडीच्या काळात साधारण सहा महिने!

३/ आता सोलापूर. सुशीलकुमार शिंदे यांचा विधानसभाप्रवेशच सत्तरच्या दशकात करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून झाला. कधीकाळी न्यायालयात शिपाई आणि पुढे पोलीस उपनिरीक्षक राहिलेल्या माणसाला एका रिकाम्या जागेने दार उघडून दिले.

४/ १८ जानेवारी २००३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते सोलापूरचे खासदार होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(४) नुसार सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्यत्व अनिवार्य. त्यामुळे जिल्ह्यात दोन पोटनिवडणुका झाल्या : दक्षिण सोलापूर विधानसभेची आणि सोलापूर लोकसभेची.

५/ दक्षिण सोलापूरने शिंदे यांना विधानसभेत पाठवले. लोकसभेची जागा मात्र भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी काँग्रेसकडून हिसकावली. मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याचा, म्हणून दोन्ही जागा त्याच्याच पक्षाच्या, हे गृहीतक मतदारांनी मोडीत काढले. मतदार कोणाची जहागीर नसतो, हे सांगण्याची संधी मुदतीआधी मिळते ती पोटनिवडणुकीतच.

६/ ती संधीच नाकारली तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-क नुसार रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते. उर्वरित मुदत वर्षाहून कमी असल्यास, किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास, सूट आहे.

७/ पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी निवर्तले. लोकसभेची मुदत तेव्हा वर्षाहून अधिक उरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत त्याला स्थगिती दिली. पुणेकरांना नवा खासदार मिळाला तो थेट जून २०२४ मध्ये.

८/ मुख्यमंत्र्याला सदनाबाहेर सहा महिन्यांपलीकडे राहता येत नाही. मतदारसंघाला मात्र चौदा महिने प्रतिनिधीवाचून ठेवता येते. ‘कठीण’ या एका शब्दाच्या आडोशाला हे घडते. त्या शब्दाची व्याख्या कायद्यानेच करावी. जागा रिकामी होते ती सदस्याची. हक्क रिकामा होतो तो मतदाराचा.