लवंगेचा वास

दिवेलागण झाली कीं घरांतील मुलांनीं ओसरीवर जवळ येऊन बसावें, हा क्रम आमच्याकडे वडिलांपासून चालत आला आहे. थोरल्या बंधूंचा नातू आतां एकोणीस वर्षांचा झाला. परवचा केव्हांच सुटला. पण कॉलेजांतून आल्यावर माझ्या शेजारीं बसून दिवसाची हकीकत सांगण्याचा त्याचा परिपाठ होता. गेल्या चातुर्मासापासून तो खांबापलीकडे बसूं लागला. तोंडांत सदा लवंग. घरांतील तान्ह्या मुलीस पूर्वीं उचलल्यावांचून राहत नसे. आतां तिनें हात पसरले तरी "हात धुवून येतों" म्हणून आंत जाई, तो परत येतच नसे. सुज्ञ वाचकांनीं कारण ओळखिलें असेल. मला मात्र तें ओळखण्यास तीन महिने लागले. आणि मुलांचे चेहरे वाचण्यांत माझें सारें आयुष्य गेलें!

फुप्फुसांची हानि सर्वांस ठाऊक आहे. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्यानें व्यापलेला असतो. धुरांतील निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूंत पोंचतें, आणि पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूस त्याची चटक लवकर जडते. पण घरास पहिली झळ लागते ती निराळीच. व्यसन लपविणाऱ्यास माणसांपासून अंतर राखावें लागतें. आजीच्या पायां पडतांना श्वास रोखावा, पंगतींत शेवटचें पान धरावें, पुस्तकाच्या नांवानें पैसे मागावे! दिवसास पन्नास रुपये धरले तरी वर्षाचे १८,२५० होतात. महाराष्ट्रांत सुटी सिगारेट विकण्यास २०२० मध्यें बंदी झाली. त्याच्या हातीं पहिली आली ती सुटीच.

मीं त्यास एकांतीं बोलाविलें. तो म्हणाला, "आजोबा, चरकसंहितेंतही धूमपान सांगितलें आहे ना?" तें औषधी वर्तीचें, तमाखू तर सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर या देशांत आली, असें मीं त्यास बजाविलें. (संस्कृत हा विषय निघाला कीं माझा आवाज चढतो.) तो शांतपणें म्हणाला, "मग कोनाड्यांतील तुमच्या डबींत काय आहे?"

मी निरुत्तर झालों. दुपारच्या तासास झोंप येऊं नये म्हणून लागलेली तपकीर. तींतही तेंच निकोटिन. माझे रुमाल आमच्या कुटुंबानें इतकीं वर्षें वेगळे धुतले, शब्द काढिला नाहीं.

मग दोघे सरळ बोलूं लागलों. रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ पासून पन्नास वर्षें ब्रिटिश डॉक्टरांची पाहणी केली. सिगारेट ओढीत राहणाऱ्यांचें आयुष्य सरासरीनें दहा वर्षांनीं घटलें. तिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचीं तीं बहुतेक सर्व वांचलीं, साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यांचीं तीनच. "म्हणजे मला दहा, तुम्हांला तीन," तो म्हणाला. तपकिरीचा हिशेब त्यांत नाहीं, हें मीं त्या वेळीं बोललों नाहीं.

तेव्हांपासून त्याचें पाकीट माझ्याकडे आणि माझी डबी त्याच्याकडे आहे. दोन वेळां त्यास मोह आवरला नाहीं. तें त्यानें आपण होऊन सांगितलें. मींही एका रात्रीं डबी मागण्यास त्याच्या खोलीपर्यंत गेलों होतों. दार बंद होतें म्हणून परतलों. हें त्यास सांगावयाचें अद्याप राहिलें आहे.