काकांची सॅक आणि एक काडतूस

जुलै 2024 मध्ये एक हत्यार विमानात बसून लंडनहून मुंबईला आलं आणि तिथून थेट साताऱ्याला गेलं. ओळखलंत ना? वाघनखं! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांसाठी, रीतसर करार करून आणलेली.

म्हणजे हत्याराला विमान वर्ज्य नाही, मंडळी. फक्त कागद लागतो. आणि तो कागद तुम्ही जिथे उभे आहात तिथे चालणारा असावा लागतो. सगळी गोम या दुसऱ्या वाक्यात आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही हिंजवडीत बसून एक्सेल शीट भरतो, आमच्याकडे हत्यार म्हणजे फार तर स्टेपलर! मान्य. पण तुमचं गाव सातारा-सांगलीकडचं असेल तर जरा थांबा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक स्कूल 1961 मध्ये निघाली, तीही साताऱ्यातच. या पट्ट्यात घरटी नाही तरी भावकीत एखादा फौजी असतोच. रिटायर झाल्यावर त्यातले कितीतरी जण बँकेच्या दारात, नाहीतर कॅश व्हॅनवर दिसतात. खांद्याला स्वतःची, स्वतःच्या लायसन्सची बारा बोअर.

आणि या काका-मामांकडे एक जबरदस्त सॅक असते. हिरवी, दणकट, दहा वर्षं न फाटणारी. ती आधी आपल्याकडे राजगडच्या ट्रेकसाठी येते आणि मग एके दिवशी बंगलोरच्या फ्लाइटला. तिच्या आतल्या चोरकप्प्यात एखादं काडतूस राहून गेलं असेल, तर काकांना आठवत नसतं आणि आपल्याला माहीत नसतं. एक्स-रे मशीनला मात्र बरोब्बर दिसतं.

पुढचा सिनेमा असा. सीआयएसएफचे जवान तुम्हाला बाजूला घेतात, लोकल पोलिसांना बोलावतात. फ्लाइट जाते. लायसन्स दाखवता आलं नाही तर शस्त्र कायदा, 1959 चं कलम 25 लागू शकतं. विनापरवाना बंदूक काय किंवा काडतूस काय, 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमात किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. एका गोळीसाठी!

घाबरू नका, कायद्यात माणुसकीला जागा आहे. ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, वस्तू आपल्याजवळ आहे हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 1972 मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगून ठेवलंय. याच तत्त्वावर विमानतळावर सापडलेल्या एकट्या-दुकट्या काडतुसाच्या अनेक केसेस हायकोर्टांनी रद्द केल्या आहेत. पण हायकोर्टापर्यंत जायचं म्हणजे वकील, तारखा, पैसा. दरम्यान तुमचा पासपोर्ट रिन्यू करायचा असेल, व्हिसाचा फॉर्म भरायचा असेल, नव्या कंपनीत बॅकग्राउंड चेक असेल, तर ‘तुमच्यावर एखादी केस आहे का?’ या रकान्यात काय लिहिणार?

हे झालं नकळत नेण्याचं. आता जाणूनबुजून, अगदी कायदेशीर नेणाऱ्यांचं बघू.

माझे एक मामा मिरज तालुक्यातले, रिटायर्ड सुभेदार. त्यांना बंगलोरला सिक्युरिटीची नोकरी चालून आली. पगार इथल्या जवळजवळ दीडपट. अट एकच, बंदूक स्वतःची हवी. बंदूक होती, लायसन्स होतं, निशाणा तर विचारूच नका. पण लायसन्सवर एक रकाना असतो, हे हत्यार कुठपर्यंत नेता येईल याचा. मामांच्या रकान्यात लिहिलं होतं महाराष्ट्र.

“मामा, तुम्ही अर्ज करा ना, हद्द वाढवून मिळते,” मी म्हटलं.

“आगं पोरी, केलाय की! पर कंपनी थांबंल व्हय माझ्यासाठी?” मामा म्हणाले. “बंदूक तीच, माणूस त्योच. म्हैसाळच्या म्होरं कागवाड लागलं की कर्नाटक. तितं कागद बोलतोय, माणूस न्हाई.”

कंपनी थांबली नाही. नोकरी दुसऱ्याला गेली.

गंमत म्हणजे आपल्याकडे शस्त्र कायदा सगळ्या देशाला एकच आहे. तरीही गाव बदललं की व्यवहार बदलतो. साताऱ्यात किंवा सांगलीत परवाना कलेक्टर ऑफिसातून मिळतो, पुणे शहरात पोलिस कमिशनरकडून. घर बदललं तर नव्या ठिकाणच्या ऑफिसला कळवावं लागतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलिस आढावा घेतात आणि अनेकांची हत्यारं जमा करून घेतात. त्या महिन्यात लायसन्स कितीही खरं असलं तरी बंदूक पोलिस ठाण्यात!

या कटकटीला कंटाळून काहींनी शॉर्टकट मारला. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांतून 2012 ते 2016 या काळात अपात्र लोकांना दोन लाखांहून जास्त लायसन्स वाटली गेली, असं सीबीआयचं म्हणणं आहे. राजस्थान पोलिसांनी 2017 मध्ये हे प्रकरण उघडकीला आणलं. नोकरी मिळवून देणारा कागदच खोटा निघाला, तर नोकरी जातेच आणि वर कोठडी. मामांनी वाट बघितली, हे बरंच झालं.

आणि अमेरिका? तिथे तर राज्यागणिक कायदाच वेगळा. टेक्सासमध्ये जे खुशाल चालतं, ते न्यू जर्सीत गुन्हा ठरू शकतं. 2005 मधली गोष्ट. युटा राज्यातला एक माणूस पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन बॅगेत, कुलूपबंद. न्यूअर्कला, म्हणजे न्यू जर्सीत, त्याची कनेक्टिंग फ्लाइट चुकली. बॅग त्याच्या हातात आली आणि तो ती घेऊन रात्री हॉटेलवर राहिला. सकाळी विमानतळावर परत येऊन त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, बॅगेत पिस्तूल आहे. अटक! नंतर आरोप मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला, पण 2010 मध्ये अपील कोर्टात तो हरला. प्रवाशाला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आहे, पण प्रवासात हत्यार हाताशी नसेल तरच. हॉटेलच्या खोलीत ते हाताशी होतं, असं कोर्टाचं म्हणणं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे भाऊ-बहीण डॅलस, ह्यूस्टनला आहेत. तिथल्या मित्राची रेंज बॅग उधार घेऊन कुणी न्यू जर्सीच्या मावशीकडे निघालं असेल, तर ही गोष्ट जरूर फॉरवर्ड करा. अमेरिकेतल्या विमानतळांवर 2023 या एका वर्षात तपासणीत 6,737 बंदुका सापडल्या. त्यातल्या सुमारे 93 टक्के भरलेल्या! ‘बॅगेत आहे हे विसरलोच’ हे तिथलंही आवडतं उत्तर.

आता शूटिंगच्या क्लासला जाणाऱ्यांसाठी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकल्यापासून आपल्याकडे एअर रायफलची क्रेझ आहे. (त्याची 50 मीटरची रायफल खरी बंदूक, तिला लायसन्स लागतं.) आपल्याकडे 2016 च्या नियमांनुसार .177 बोअरपर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनालायसन्स चालते. पण स्कॉटलंडला जाल तर 31 डिसेंबर 2016 पासून तिथे एअरगनलाही सर्टिफिकेट लागतं आणि पाहुण्यांना वेगळं परमिट. सांगलीत जी वस्तू खेळाचं सामान आहे, ती ग्लासगोत हत्यार! आणि विमानाच्या केबिनमध्ये ती कुठेच चालत नाही, अगदी खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा नाही.

तर, निघण्याआधी एवढं कराच :

• उधारीची सॅक उलटी करून झटका. प्रत्येक कप्पा, प्रत्येक चेन, अस्तराच्या आतसुद्धा. मग कपडे भरा.

• घरात लायसन्सवालं कुणी असेल तर तो हद्दीचा रकाना आणि मुदत त्यांना मोठ्याने वाचायला लावा. 2019 नंतर मुदत पाच वर्षांची झाली आहे.

• हत्यार न्यायचंच असेल तर तिकीट काढण्याआधी एअरलाइनला विचारा. न्यायचं ते रिकामं, चेक-इन काउंटरवर सांगून, काडतुसं वेगळी पॅक करून. आंतरराष्ट्रीय नियमात काडतुसांची मर्यादा माणशी 5 किलो आहे, पण काही एअरलाइन्स त्याहून कमी नेऊ देतात.

• कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मधल्या शहराचा कायदाही बघा. विमान चुकलं तर रात्र तिथेच काढायची आहे.

मामांचा अर्ज अजून कलेक्टर ऑफिसात आहे. सध्या ते सांगलीतच एका बँकेच्या दारात उभे असतात, कमी पगारावर. भाच्यांपैकी कुणी सॅक मागितली की आधी स्वतः सगळे कप्पे तपासतात आणि मगच हातात देतात.